हेल्मेट घातलेलं मशीन

सावळीराम देवरे आणि उज्वला पगार यांची पहिली भेट झाली त्या दिवशी नाशिकच्या सिडकोत भूकंप झाला नाही, एवढंच. बाकी सगळं झालं. सकाळी दहा वाजता 'अक्षरमळा' सार्वजनिक वाचनालयासमोर एक स्कूटर येऊन थांबली आणि थांबताना तिने जो आवाज केला, त्याने गल्लीतली सात कुत्री थेट पाथर्डी फाट्यापर्यंत पळाली. त्यांतली दोन अजून परतलेली नाहीत. समोरच्या इमारतीतली चार वर्षं बंद असलेली लिफ्ट आपोआप तिसऱ्या मजल्यावर जाऊन आली. वाचनालयात रोज तोंडावर पेपर घेऊन झोपणारे ज्येष्ठ नागरिक ताडकन उठून बसले आणि त्यांतल्या एकाने तर चक्क अग्रलेख वाचला.

स्कूटरवर साठी उलटलेला, सुपारीसारखा टणक आणि तेवढाच गोल माणूस होता. डोक्यावर काही नव्हतं. टक्कल उन्हात चकाकत होतं. मागच्या सीटवर सायकलच्या ट्यूबने करकचून बांधलेला एक जुनाट सीपीयू होता आणि हेल्मेट त्या सीपीयूला घातलेलं होतं. नीट, पट्टा लावून.

ग्रंथपाल उज्वलाताई दारात उभ्या राहून बघतच राहिल्या. "अहो, हेल्मेट तुम्ही घालायचं ना?"

"माझं डोकं फुटलं तर टाके घालायला डॉक्टर हायेत, ताई," तो माणूस उतरत म्हणाला. "ह्याचं फुटलं तर ह्याला कोण वाली? कुठं ठेवू?"

त्याने ते मशीन दोन्ही हातांत घेतलं, उंबरठ्यावर क्षणभर थांबला आणि उजवा पाय पुढे टाकून आत आला. उज्वलाताईंना उगाचच वाटलं, माप ठेवायला हवं होतं.

सावळीरामकाका मूळचे कळवणचे. ओझरच्या विमान कारखान्यात टूलरूमला चौतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात. काका इंटरनेटवर गेले आणि तिथून परत आलेच नाहीत. कारण घडलं ते असं, की जावयाने टाकून दिलेला संगणक त्यांनी घरी आणला, तो तिसऱ्या दिवशी अडला आणि दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." काका संतापले. एक नट ढिला झाला म्हणून कुणी अख्खं लेथ मशीन भंगारात काढल्याचं त्यांनी चौतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतः शोध घेतला आणि त्यांना लिनक्स सापडलं. मालक नसलेली, कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी आणि शेजाऱ्याला द्यावी अशी संगणकप्रणाली. पुढची सहा वर्षं ते नाशकात भेटेल त्याला ती देत सुटले. लोकांच्या अडगळीतले संगणक उचलायचे, झाडायचे, पुसायचे, त्यांत लिनक्स घालायचं आणि शाळा, वाचनालयं, वृद्धाश्रम जिथे कुणी नको म्हणणार नाही तिथे हेल्मेट घालून पोचवायचे.

"पण फुकट कसं काय?" उज्वलाताईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"शेजारणीला विरजण देता का?"

"देते."

"त्याचं बिल करता? आणि दिल्यावर तुमचं दही कमी होतं?"

उज्वलाताईंना पटलं. वाचनालयाचे कार्यवाह रविराज भामरे यांना पटलं नाही. रविराजभाऊंचा फ्लेक्स छापायचा व्यवसाय होता, त्यामुळे ज्याचा मोठा फोटो कुठे लागलेला नाही त्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नसे. ते त्या संगणकाला 'डबडं' म्हणत.

डबडं मात्र चाललं. उज्वलाताई रोज दुपारी एक ते चार या वेळात, पेपरमागच्या घोरण्याच्या साथीवर, एकेक पुस्तक त्यात नोंदवत गेल्या. नाव, लेखक, विषय, कपाट, खण. सहा वर्षांत अकरा हजार दोनशे अडतीस पुस्तकं. आधीची हाताने लिहिलेली यादी वाळवीने इतकी आवडीने वाचली होती की तिच्यात वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यामुळे आता अख्खं वाचनालय त्या एका मशीनमध्ये होतं.

काका आठवड्यातून एकदा मशीनची तब्येत बघायला येत आणि जाताना एखादी गंमत सांगून जात. इंटरनेटवरच्या निरुपयोगी ज्ञानाचा त्यांच्याकडे मोठा साठा होता. जगातला पहिला वेबकॅम म्हणे केंब्रिजमध्ये कॉफीच्या भांड्यावर रोखलेला होता. वरच्या मजल्यावरच्यांना जिना उतरल्यावर भांडं रिकामं दिसू नये म्हणून. वाचनालय झाडणाऱ्या कुसाबाई ते ऐकून म्हणाल्या होत्या, "मग माझ्या चहाच्या पातेल्यावर लावा की एक. ही म्हातारी मंडळी दर दहा मिन्टाला इचारत्यात, झाला का, झाला का." नॉर्वेत काही हौशी लोकांनी कबुतरांच्या पायांना कागद बांधून इंटरनेट चालवून पाहिलं; नऊ निरोप पाठवले, चार उत्तरं आली. "नवातले चार!" काका खिडकीतल्या कबुतरांकडे आदराने बघत म्हणत. "आपल्या गल्लीत पावसाळ्यात एवढे बी येत नाय."

आणि मग ती गाय. लिनक्समध्ये कुणा खोडकर माणसाने एक आज्ञा करून ठेवली आहे. ती दिली की पडद्यावर अक्षरांनी काढलेली एक गाय येते आणि आपण सांगू ते बोलते. काकांनी ती मशीन सुरू होतानाच यावी अशी सोय केली. रोज सकाळी गाय यायची आणि म्हणायची, "नमस्कार, उज्वलाताई. आज कोणतं पुस्तक शोधायचं?" सहा वर्षांत एवढ्या अगत्याने वाचनालयात दुसरं कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं.

यंदा दसरा गुरुवारी आला आणि त्यानंतरच्या शनिवारी दुपारी तीन वाजता तपासणी समिती येणार होती. सरकारी अनुदानाच्या प्रतवारीत वाचनालय क वर्गात होतं. मागच्या खेपेला समिती म्हणाली होती, "सगळी यादी संगणकावर दाखवा, मग ब वर्गाचं बघू." ब वर्ग मिळाला की बालविभाग उघडायचा, हे उज्वलाताईंनी ठरवून टाकलं होतं. मुलांची तीन खोकी भरून पुस्तकं त्यांनी जिन्याखाली जमवून ठेवली होती. त्यांतलं एक हत्तीचं होतं, ते उघडलं की सोंड बाहेर यायची. ते त्या अधूनमधून स्वतःच उघडून बघत.

शनिवारी सकाळी साडेआठला त्यांनी संगणक सुरू केला. गाय आली नाही. पडदा काळा झाला, वर इंग्रजीत एक शब्द आला, पुढे एक बाण, आणि सगळं गप्प.

सावळीरामकाका त्या दिवशी सिन्नरजवळच्या एका शाळेत होते. उज्वलाताईंनी फोन लावला.

"काका, संगणक गेला!"

"गेला नाय, ताई. अडला. पडद्यावर काय हाय ते वाचा."

"काळं आहे."

"काळं तर हाय. त्याच्यावर?"

"ग्रब लिहिलंय. पुढे बाण."

"हात्तिच्या! ग्रब म्हंजे फाटकावरचा चौकीदार. तो आधी उठतो, मग फाटक उघडून बाकीच्यांना आत घेतो. आज उठलाय, पण फाटक न उघडता 'पुढं काय करू' म्हणून इचारतोय. जित्ता हाय. बॅकअप हाय ना तुमच्याकडं?"

"आहे ना."

"शाब्बास. कुठं हाय?"

"संगणकातच. 'बॅकअप' नावाचं फोल्डर केलंय. शिवाय आत 'बॅकअपचा बॅकअप' पण आहे."

पलीकडे सिन्नरची एक अख्खी एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. मग काका हळूच म्हणाले, "म्हंजे घराची दुसरी किल्ली तुम्ही घरातच ठेवून कुलूप लावलं. आणि मी दिलेला पेनड्राइव्ह?"

"तो रविराजभाऊंनी फ्लेक्सच्या डिझाइनला नेला."

"बरं. मी निघालो. तोवर कुणालाही हात लावू देऊ नका. आणि फॉरमॅट हा शब्द जो काढेल त्याला बाहेर बसवा."

तो शब्द काढणारा साडेदहाला आला. रविराजभाऊंनीच त्याला बोलावलं होतं. पाठीला सॅक, कानात फोन, ओळखीचा इंजिनिअर. त्यांच्या मागोमाग सुतारकाम करणारे रहेमानभाई हत्यारांची पिशवी घेऊन आले; तपासणीपूर्वीच्या बारीकसारीक कामांसाठी त्यांनाही आजचंच बोलावणं होतं. पण काम दाखवायला कुणाला वेळच नव्हता. ते दाराशी उभे राहून गंमत बघू लागले.

इंजिनिअरने पडद्याकडे चार सेकंद पाहिलं. "लिनक्स आहे? मग हे होणारच. हार्डडिस्क गेली. फॉरमॅट मारतो, नवं टाकतो. अर्ध्या तासात चकाचक."

"आणि पुस्तकं?" उज्वलाताईंनी विचारलं.

"ती कपाटात आहेत ना?"

रविराजभाऊ म्हणाले, "ताई, निदान समितीला चालू संगणक तरी दिसेल. होऊ द्या."

उज्वलाताई आयुष्यात कुणाला मोठ्याने बोलल्या नव्हत्या. उशिरा पुस्तक आणणाऱ्यालाही त्या स्वतःच 'सॉरी' म्हणत. आज त्यांनी खुर्ची ओढली, सीपीयूसमोर ठाण मांडलं, टेबलावरचा 'संदर्भ विभाग' हा शिक्का उचलला आणि सीपीयूच्या पाठीवर ठण्णकन मारला.

"हे आता संदर्भ विभागात आहे," त्या म्हणाल्या. "नियम अकरा. संदर्भ विभागातलं काहीही वाचनालयाबाहेर जात नाही आणि त्यात कुणी खाडाखोड करत नाही. खाली सही तुमचीच आहे, भाऊ."

पेपरांच्या मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. रविराजभाऊ भिंतीवरच्या नियमावलीकडे गेले. सही त्यांचीच होती, चांगली वळणदार, आणि शेजारी फोटोही होता.

बाराला दहा कमी असताना काका दोन जीप बदलून येऊन पोचले. आल्या आल्या मशीनला हात न लावता त्यांनी त्याच्या पत्र्याला कान लावला आणि डोळे मिटले. सगळं वाचनालय भोवती गोळा झालं.

"पंखा ठीक. डिस्क फिरतीय, खडखड नाय. डिस्क गेली कोण म्हणालं?"

इंजिनिअरने सॅकची चेन उघडली आणि परत लावली.

काकांनी त्या बाणापुढे थोडी अक्षरं टाइप केली. भराभर नावं उमटली. "वाचा, ताई."

"पुस्तक-यादी," उज्वलाताईंनी वाचलं. "बॅकअप. बॅक..." पुढे त्यांना वाचता आलं नाही, कारण चष्म्याला आतून पाणी आलं.

"सगळे घरात सुखरूप हायेत. फक्त फाटक बंद हाय. आता चौकीदाराला सांगतो, उघड." काकांनी एक शब्द टाइप केला. चौकीदाराची पर्यायांची निळी यादी क्षणभर चमकली आणि परत काळा पडदा, परत तोच बाण. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. काकांच्या भुवया टकलाच्या हद्दीत शिरल्या आणि चाळीस वर्षं शहरात राहून विसरलेली कळवणची अहिराणी आपसूक तोंडात आली: "काय शे हाई?"

मग त्यांनी मशीन बंद करून परत सुरू केलं आणि पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर केले. "बघा. माझे हात वर हायेत." पडदा उजळला, चमकला, काळा झाला. "आपल्या सगळ्यांच्या पुढं कुणीतरी कळ दाबतंय. गुरुवारी बंद केलं तेव्हा चांगलं होतं, शुक्रवारी वाचनालयाला सुट्टी. आज बिघडलंय. मधे शेवटचा हात कुणाचा?"



"म्या फडकं मारलं फकस्त. ते बी पूजेच्या आधी," कुसाबाई म्हणाल्या.

"मी बंद करून आच्छादन काढून ठेवलं," उज्वलाताई म्हणाल्या.

"मी तर या डबड्याला हातच लावत नाही," रविराजभाऊ म्हणाले. "तत्त्व आहे माझं."

"पण पूजा?" कुसाबाई म्हणाल्या. "दसऱ्याची पूजा भाऊंनीच केली ना?"

काका सावकाश वळले. "फोटो असंल."

फोटो नसेल असं होणं शक्यच नव्हतं. वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रविराजभाऊंनी दसरा पूजनाचे चौदा फोटो टाकले होते. नवव्या फोटोत संगणकाला झेंडूचा हार होता, पडद्यावर कुंकवाचं बोट होतं आणि रविराजभाऊ कॅमेऱ्याकडे बघून प्रसन्न हसत कीबोर्डवर मूठभर अक्षता सोडत होते. काकांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. अक्षतांचा पाऊस हवेत स्पष्ट दिसत होता.

"भाऊ," काका म्हणाले, "दसऱ्याची पूजा होती का मशीनचं लग्न?"

पेपर वाचणारे ज्येष्ठ नागरिक इतके हसले की एकाचा कवळीला हात गेला.

काकांनी कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि पाठीवर थोपटला, बाळाला ढेकर काढायला थोपटतात तसा. टेबलावर अक्षता पडल्या, झेंडूच्या पाकळ्या पडल्या, बिस्किटांचा चुरा, सात टाचण्या आणि एका सभासदाचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला पासपोर्ट फोटो पडला. पण डाव्या कोपऱ्यातली सगळ्यात वरची कळ तशीच खाली रुतलेली राहिली.

"एस्केप," काका हळूच म्हणाले. "ही दाबून धरली की चौकीदार फाटक उघडत नाय, तुमच्या हुकमाची वाट बघतो. आणि ही परवापासून देवाच्या दयेनं दाबलेली हाय. पातळ, धारेचं काही द्या."

सगळ्यांनी खिसे चाचपले. इंजिनिअरच्या सॅकमध्ये तीन चार्जर निघाले. तेवढ्यात दाराशी उभे असलेले रहेमानभाई पुढे आले, पिशवीतून बोटभर रुंदीची पटाशी काढली आणि म्हणाले, "सरको जरा. ही नाजूक कामाची. मोबाइलची बॅटरी कोण धरतं?" रविराजभाऊंनी निमूटपणे बॅटरी धरली. रहेमानभाईंनी पटाशी कळीखाली सरकवली, मनगट किंचित वळवलं आणि 'टुक्' असा आवाज झाला.

कळीखाली दोन अक्षता होत्या. कुंकवाच्या पाण्यात भिजून, वाळून, चिकटून बसलेल्या, लालभडक.

काकांनी कळ पुसून परत बसवली. टुकटुक करून पाहिली. मग खुर्चीवरून उठले. "ताई, तुम्ही सुरू करा."

उज्वलाताईंनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. काळाच राहिला. कबुतरंसुद्धा गप्प झाली. आणि मग, शिंगं, कान, चार पाय आणि शेपूट अशी टप्प्याटप्प्याने, गाय आली.

"नमस्कार, उज्वलाताई. आज कोणतं पुस्तक शोधायचं?"

मग जो जल्लोष झाला तो त्या वाचनालयाच्या 'शांतता राखा' या पाटीने कधी ऐकला नव्हता. ज्येष्ठ नागरिकांनी गुंडाळी केलेले पेपर हवेत उडवले. कुसाबाईंनी समितीसाठी आणलेल्या पेढ्यांतले निम्मे तिथेच वाटले आणि एक गाईला दाखवला. लोकांनी रहेमानभाईंचा हात हातात घेऊन इतका हलवला की त्यांना पटाशी पिशवीत ठेवता येईना. शेवटी दोन पेढे खिशात घालून, विजयी वीरासारखे सगळ्यांना सलाम करत ते घरी गेले. इंजिनिअर काकांच्या कानाशी लागला आणि पेनड्राइव्ह पुढे करत म्हणाला, "काका, मलाही द्या ना थोडं विरजण."  रविराजभाऊ छाती फुगवून म्हणाले, "मी म्हणतच होतो, पूजा अगदी खोलवर पोचली होती." आणि त्यांनी सत्तावीस फोटो काढले.

काकांनी सगळ्यात आधी रविराजभाऊंकडून आपला पेनड्राइव्ह परत घेऊन त्यावर यादी उतरवून घेतली, तो रिकाम्या काडेपेटीत घातला आणि उज्वलाताईंच्या हातात दिला. "हा घरी. डाळीच्या डब्यात. मशीनमध्ये नाय."

तीनच्या ठोक्याला समिती आली. एक मॅडम आणि एक सर. मॅडम म्हणाल्या, "द्राक्षावर काही आहे?" उज्वलाताईंनी चार अक्षरं टाइप केली आणि मॅडमनी पापणी लववायच्या आत तेवीस पुस्तकं कपाट-खणासकट पडद्यावर हजर झाली. त्यांतलं एक त्यांनी न बघता हात घालून काढून आणलं. सरांनी मुद्दाम अवघड विचारलं: "१९५८ सालचं, मधमाश्यांवरचं?" तेही निघालं. त्यात एक सुकलेली मधमाशीसुद्धा निघाली. सर म्हणाले, "जिल्ह्यात अशी यादी मी पाहिली नाही." मग पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ही गाय?"

"कर्मचारी आहे," उज्वलाताई म्हणाल्या. "मानद."

दोघं खो खो हसले. त्यांनी चहा घेतला, मग आग्रहाने आणखी एकेक कप घेतला, बालविभागाची तीन खोकी उघडून पाहिली. मॅडमनी हत्तीची सोंड पाच वेळा बाहेर काढली. सर तेवढे एकदा मागच्या बाजूला जाऊन आले. निघताना त्यांनी सावळीरामकाकांशी हात मिळवला आणि उज्वलाताईंना म्हणाले, "ताई, कमाल आहे तुमची." त्या संध्याकाळी सिडकोत उज्वलाताई चालत नव्हत्या, जमिनीपासून चार बोटं वरून घरी गेल्या, आणि काडेपेटी त्यांच्या मुठीत होती.

दोन महिन्यांनी पत्र आलं. त्यात अभिप्राय असा होता: 'संगणकीय ग्रंथसूची उत्कृष्ट. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, ती बसवण्याची सूचना मागील तपासणीतही दिली होती. वर्ग: क, कायम.'